रोबोनंदी कुठे जन्मला

श्री. गुणवंतराव भाऊजी यांस कुरखेड्याहून इस्तारी सुताराचा नमस्कार.

गोकुळाचा खोकला थांबला का? तुमचा गुडघा कसा आहे? (बराच असो. दुखला तर शेकत बसावं लागतं माझ्या बहिणीला, गोकुळालाच.) इकडे सगळे ठीक आहेत, एक मी सोडून. तीन दिवस माझं डोकं तापलेलं आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात. मानाने मोठे आहात, म्हणून शिव्या लिहीत नाही. खाली जागा सोडतो, तुम्हीच भरून घ्या.

नात दिव्यानीने मोबाइलवर तुमची मुलाखत दाखवली. तुमच्या गडचांदूरच्या दुकानातला तो प्लास्टिकचा रोबोनंदी जिल्हाभर खपतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मान दाबली की बैलाचा माणूस होतो, ही करामत सुचली कशी, असं विचारल्यावर तुम्ही मिशीवर हात फिरवून सांगता, "कारखान्याची क्रेन पायता पायता मले सुचलं!" भाऊजी, क्रेनला शिंगं असतात का?

बावीस वर्षांपूर्वीचा तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा, विसरलात? तुमच्या चंचलसाठी मी लाकडी नंदी घडवला होता. लाकूड ओलं निघालं (आणलं होतं तुम्हीच), ऐन सकाळी मान आणि पुढचे पाय तडकले. मग मी घरातल्या पेटीच्या बिजागऱ्या उपटून सांध्यांना ठोकल्या. मारुतीच्या पारापुढे पोरांची रांग लागली, चंचलने दोरी ओढली, तशी नंदीची मान खाली गेली, पुढचे पाय वर आले आणि तो सगळ्यांसमोर माणसासारखा उभा राहिला! स्पर्धेचे पंच म्हणाले, "बैल असा उभा रायते का गा? बाद!" सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसलात. पण चंचल तोच नंदी घेऊन घरोघरी बोजाऱ्याचे पैसे मागायला निघाली, तेव्हा गावातली सगळी पोरं आपापले बैल सोडून तिच्यामागे होती. रोबोनंदी त्या दिवशी जन्मला.

हेच दिव्यानीने वर्गात सांगितलं. मयुरी नावाच्या मुलीने तुमची मुलाखत दाखवून तिला खोटारडी ठरवलं. आता पोरगी शाळेत जात नाही, यंदा तान्ह्या पोळ्यालाही जाणार नाही म्हणते. माझं नाव गेलं तर जाऊ द्या, पण ती खोटी पडली हे मला सहन होत नाही. दुसऱ्याच्या डोक्यातलं स्वतःच्या नावावर खपवणाऱ्या माणसाची मला चीड येते.

गोकुळाला आशीर्वाद. तुम्हाला या वेळी काही नाही.

इस्तारी

ता. क. तो जुना नंदी तुमच्या माळ्यावर असेल. पोळ्याच्या आत पाठवा. आमच्या पेटीचं झाकण अजून सुतळीने बांधलेलं आहे; बिजागऱ्या तिथल्या खुणांना लावून मयुरीला दाखवतो.

ता. क. २. सुगंधाने पत्र वाचलं. पेटी आमच्या लग्नात तिच्या माहेराहून आलेली. बिजागऱ्या तिनेच उपटल्या, कुठे ठोकायच्या तेही तिनेच दाखवलं. मी तर पेटी मोडली म्हणून तिच्यावर ओरडलो होतो. ती एवढंच म्हणाली, "त्यायनं क्रेनचं तरी नाव घेतलं. तुमी बावीस वर्सात माहं काऊन नाई घेतलं?"

दिव्यानीला मी आजच सांगतो. पार्सलवर नाव सुगंधाबाईचं टाका.