सातचा पत्रा

१२ फेब्रुवारी

चि. खारीस काकाचे आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. आपल्या फुटबॉलच्या मैदानावरचं माझ्या हातचं काम असं: स्कोअरबोर्ड, चौकटीसकट. चौकटीला खिळा नाही, सगळे सांधे खाचेत बसवलेले. त्याचे अंकांचे पत्रे, दोन्ही संघांचे वेगळे. कापणं माझं, रंगवणं माझं. बोर्डामागची शिडी, जिच्यावर सरसर चढून तू माझा जीव टांगणीला लावायचीस आणि जिच्यामुळे तुझं नाव खार पडलं. राखीव खेळाडूंचा बाक. कोपऱ्यांतल्या झेंड्यांचे दांडे. तिकीटखिडकीची वर सरकणारी झडप, जी अजून अडकत नाही. गोलचं जाळं विकतचं आहे, ते माझ्या नावावर घालू नकोस. यातलं काहीही मी कुणाकडे शिकलो नाही. धंद्यात आलो तेव्हा पाट्या रंगवायलाही कुणी शिकवलं नाही. दुकानांच्या पाट्यांखाली उभं राहून अक्षरं बोटाने हवेत गिरवली, तीच माझी शाळा.

आता मी विचारतो. हे तुला कशाला हवं? अमेरिकेला गेल्यापासून तुझ्या पत्रांत काकूचा गुडघा असतो, हवा असते, ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनची तक्रार असते. बोर्डाची आठवण एकदाही निघाली नाही, आणि आता एकदम ‘सगळं सविस्तर लिहा’. मनात पाल चुकचुकली, ती लिहून टाकली.

इकडे एप्रिलच्या सुरुवातीला खांबचा गौरव सामना आहे. आपला डावा बॅक. तू शाळेत होतीस तेव्हा नवा आला होता, कान तेवढे दिसायचे. पंधरा हंगाम एकाच क्लबात काढले. त्या दिवशीचं तिकिटांचं सगळं उत्पन्न त्याचं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय आणि सायकल दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. मोठ्या क्लबाने त्याला बोलावलं होतं आणि त्याने पाठ फिरवली, हे पोरंसोरंही सांगतात. पण आपले चिटणीस सध्या फार गोड बोलतात. नवे बूट घेतलेत, आणि सामन्याला कुणी ‘बाहेरचे पाहुणे’ येणार म्हणतात. कोण, ते विचारलं की घड्याळ बघतात. कुठेतरी पाणी मुरतंय.

काकू म्हणते, पोरीला पत्रात तरी सरळ विचार, उलटतपासणी घेऊ नकोस. मी सरळच विचारलंय. तुझ्यावर लोभ आहे तसाच आहे, संशयही आहे.

तुझा काका

*

२६ फेब्रुवारी

ती. काकांस खारीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. गोलच्या जाळ्याचं श्रेय नाकारणारा माणूस जगात दुसरा सापडणार नाही. विचारलं ते सहज विचारलं. इथे तिकीट विभागात दिवसभर रांगांचे आणि खुर्च्यांचे नंबर बघते, तेव्हा तुमचे पत्रे आठवले, एवढंच.

खांबदादाच्या सामन्याचं इथे सांगितलं तर कुणाला कळेना. म्हणाले, पंधरा वर्षं खेळला ना, मग पगार दिला नाही का, शेवटी वर्गणी कशाला? मी भांडले, काका. इथे सगळा उघड बाजार आहे. हंगामाच्या मध्येच खेळाडू या क्लबातून त्या क्लबात पाठवतात, त्याला दुसऱ्या दिवशी नवा शर्ट. सामना बरोबरीत सुटलेला यांना चालत नाही. मध्यंतरात एक माणूस अस्वलाचा पोशाख घालून तोफेतून बनियन उडवतो आणि शिकलेली माणसं ते झेलायला उड्या मारतात. आमचा अख्खा क्लबच दुसऱ्या शहरातून उचलून इथे आणलाय, नावासकट, जसं आपण कपाट हलवतो.

आणि तरी एक गंमत बघा. आमच्या मैदानावर एक म्हातारा येतो, त्या जुन्या शहरातला. क्लब त्याला सोडून गेला, तो क्लबाला सोडत नाही. अजून जुनी टोपी घालतो, गाडी चालवत येतो, पूर्ण सामना शिव्या देतो आणि परत जातो. तुमचा जुळा भाऊ म्हणावा असा.

त्याच्यावरून आठवलं, रागवू नका. त्या म्हाताऱ्याची परीक्षा झाली. आपल्याकडच्यांची कधी झाली? निष्ठा म्हणायची तर आधी कुणी तरी दुसरीकडे बोलावलेलं पाहिजे. ज्याला कुणी बोलावलंच नाही तो नुसता राहिला, एवढंच. खांबदादाला बोलावलं होतं, म्हणून त्याचं मोल. बाकीचे आपण, तुम्ही आणि मीही, कुणी विचारलंच नाही म्हणून निष्ठावंत.

काकूंना नमस्कार. संशय ठेवा, पण त्याच्याशेजारी मलाही थोडी जागा ठेवा.

तुमची खार

*

१४ मार्च

चि. खारीस आशीर्वाद.

तुझं ते निष्ठेचं वाक्य नाकाला झोंबलं. चार दिवस ब्रश हातात घेताना आठवायचं. त्याचं उत्तर नंतर देईन. आधी हे वाच.

चिटणिसांचे पाहुणे सामन्याच्या आधीच, शनिवारी आले. एकच माणूस, हसरा, गळ्यात कॅमेरा. तुझ्या अमेरिकेतलाच, आपली भाषा तोडकीमोडकी बोलत होता, पण बोलत होता. चिटणीस त्याच्यापुढे दारं उघडत चालले होते. मी बोर्डाच्या मागे, शिडीच्या पलीकडे खाली बसून सांध्यांना तेल देत होतो, त्यामुळे त्याला मी दिसलो नाही. त्याने बाकाकडे पाहिलं नाही, झेंड्यांकडे पाहिलं नाही. सरळ शिडी चढला. पत्र्यांची पेटी उघडली, शून्य बाजूला, एक बाजूला, आणि सातचा पत्रा उचलून उलटा केला. मागची बदकं पाहिली आणि खूश होऊन फोटो काढला.

खारे, सातच्या मागे बदकं आहेत हे या जगात कुणाला माहीत आहे? पत्रा कमी पडला तेव्हा बदकं छापलेल्या बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून मी सात रंगवला, कारण आपला क्लब सात गोल करील अशी मला भीती नव्हती. तो पत्रा आजवर एकदाही टांगला गेलेला नाही. चिटणिसांना ठाऊक नाही. काकूलाही नाही, झाकण तिचंच होतं. ठाऊक आहे ते मला, आणि शिडीवर बसून ती बदकं मोजणाऱ्या एका मुलीला.

मी पुढे झालो तेव्हा तो माझा हात धरून हलवतच राहिला. म्हणाला, त्यांच्याकडे नवं मैदान होतंय, तिथे पैसेवाल्यांच्या बसण्याच्या दालनात जुन्या खेळांच्या वस्तू भिंतीवर लावणार आहेत. बोर्ड पाहिजे, शिडीसकट. बोर्डाचे पैसे क्लबाने कधी मला दिले नाहीत, तेव्हा तो माझाच. सही माझी लागेल. चिटणीस म्हणतात, द्या की, ते क्लबाला विजेचा बोर्ड फुकट बसवून देणार आहेत. नवे बूट कुठून आले ते आता मी विचारत नाही.

तुला विचारतो. माझ्या कामाची यादी मागितलीस ती सहज? उत्तर एका ओळीत दिलंस तरी चालेल. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

काका

*

२७ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

एका ओळीत: सहज नव्हती.

बाकीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जेवायला आम्ही एका टेबलावर बसतो. एकदा लहानपणीच्या गोष्टी निघाल्या आणि मी सातचा पत्रा सांगितला. काका, मी फुशारकीने सांगितला, तुमची चेष्टा म्हणून नाही. सगळे हसले, आणि शेवटी माझे साहेब हसायचे थांबले. त्यांनी विचारलं, तो बोर्ड अजून आहे का. यादी त्यांनी मागितली. चिटणिसांचा पत्ता मीच दिला, आणि तो कॅमेरावाला माणूस त्यांनीच पाठवला. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून सांगितलं नाही. म्हणजे संशय खरा होता.

यात मला बढती मिळेल असं साहेब म्हणाले नाहीत, पण तसं बघतात. हेही लपवत नाही.

तरी एक म्हणते, मग हवं तर फाडून टाका. पैसे चांगले आहेत. तुम्हाला नकोत, माहीत आहे. खांबदादाला द्या. तिकिटांवर त्याचा गुडघा होईल की नाही कोण जाणे. बोर्डावर नक्की होईल. लाकूड काय, तुम्ही दुसरं कापाल.

लोभाचा हक्क मागत नाही. काकूंना झाकणाचं मी सांगितलेलं नाही.

खार

*

११ एप्रिल

चि. खारीस,

तुझं पत्र फाडलं नाही. काकूला वाचून दाखवलं, तेव्हा झाकणाचंही कळलं. ती म्हणाली, डबा इतकी वर्षं ताटलीने झाकते आहे, आता कळलं का ते. मग बराच वेळ हसली आणि म्हणाली, पोरीला लगेच लिही. मी लगेच लिहिलं नाही, सामना होऊ दिला.

त्या दिवशी विक्रीचा कागद खिशात घालूनच गेलो होतो. सही करायची नक्की केली होती. तू म्हणालीस ते बरोबर होतं, गुडघा लाकडापेक्षा मोठा. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत गेलो. खांब एकटा बाकावर बसून पट्टी गुंडाळत होता. मी कागद दाखवला, म्हटलं, हे तुझ्या पैशांत घाल, गौरव म्हणून घे. त्याने आकडा वाचला, परत वाचला. मग उठून दार लावलं.

त्याने जे सांगितलं ते तुला लिहावं की नाही यावर माझे दोन दिवस गेले. तुझ्या टेबलाची मला आता धास्ती आहे. पण तुझ्यावर पुन्हा काही सोपवलंच नाही, तर मी काका कसला, नुसता रखवालदार. म्हणून लिहितो. तो म्हणाला, “काका, मला कुणीही बोलावलं नव्हतं. मोठ्या क्लबाची गोष्ट चिटणिसांनी पेपरात छापून आणली, आणि मी तिला नाही म्हणालो नाही. पंधरा वर्षं वाट पाहिली, कुणी तरी एकदा विचारावं म्हणून. तुम्हाला खरोखर विचारलंय. माझ्यासाठी हो म्हणू नका.”

मी विचारलं, गुडघ्याचं काय? म्हणाला, तो तिकिटांवर होईल तेवढा होईल, उरलेला लंगडेल. दुकान बसून करायचं असतं.

मला हे कळायला हवं होतं. सगळ्यांवर संशय घेतला, चिटणिसांच्या बुटांवर, तुझ्यावर, त्या हसऱ्या माणसावर. याच्यावर कधी घेतला नाही. आणि आता घेऊन उपयोग नाही. त्याच्याइतका तिथे राहिलेला माणूस मला तरी माहीत नाही, बोलावलेला असो वा नसो.

सामना झकास झाला. उभं राहायला जागा नव्हती. गौरव सामन्यात जसे होतात तसे गोल झाले, कुणी कुणाला अडवत नव्हतं. आमचे सहा झाले आणि शेवटी रेफ्रीने कशासाठी तरी पेनल्टी दिली. कशासाठी ते रेफ्रीलाही सांगता यायचं नाही. सगळं मैदान खांबच्या नावाने ओरडायला लागलं. तो हसरा माणूस कॅमेरा बोर्डाकडे वळवून उभा. मी पेटीतून सातचा पत्रा काढला, पुसला, हातात धरला. समोरचा गोलकीपर तर आधीच एका बाजूला जाऊन बसला होता. खांबने मारला आणि चेंडू गोलच्या खांबाला लागून परत आला. इतकं हसू मी त्या मैदानावर ऐकलं नव्हतं. तो सगळ्यांत जास्त हसत होता, गुडघा धरून. सात परत पेटीत गेला.

मग मी खाली उतरलो आणि त्या माणसाला कागद परत दिला. त्याला वाटलं आकडा कमी पडला. नाही म्हटलं, आकडा मोठा आहे, फार मोठा आहे, तो नीट लिहून द्या, मला लागणार आहे. त्याला ते समजलं नाही. तुला समजेल, तुझ्या निष्ठेच्या वाक्याचं उत्तर राहिलं होतं. चिटणीस माझ्याशी बोलत नाहीत, मजेत आहे.

तुझ्या साहेबांनी तोंड वाकडं केलं तर कळव. तू शिडी चढायचीस तेव्हा खाली मी हात पसरून उभा असायचो, ते तू पाहिलं नसशील. वर बघून चढायचीस. लोभ मोजून पाहिला, होता तेवढाच भरला.

तुझा काका

ता. क. ऑफिसात जेवताना काही सांगायचंच झालं, तर खांबचं सांगू नकोस, हे सांग. पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाकडे त्याचा लाकडी बोर्ड, शिडी आणि सगळे अंक, सातच्या पत्र्यासकट, विकत मागितले होते. लेखी मागितले होते. तो नको म्हणाला. रक्कम सहा हजार पाचशे डॉलर.