कंपनी आमच्याकडंच राहिली

जांभूळवाडी, ता. पारनेर
११ जून २०२५

चि. सौ. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारी सकाळी म्हशीची धार काढली, शेण आवरलं, अंगण झाडलं आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जाऊन रंगुबाईशेजारी परात घेऊन बसले. रोजच्यासारखीच सकाळ होती. भाकरीची वाफ जिरावी म्हणून आम्ही खाली रद्दीचे पेपर अंथरतो. भाकऱ्या टाकता टाकता मी ते वाचत असते, तुला ठाऊक आहे. शाळा दुसरीत सुटली. वाचायला मी असल्याच कागदांवर शिकले. त्या दिवशी पेपर आदल्या दिवसाचाच निघाला आणि त्यात आमच्या कंपनीचा फोटो. कंपनी इथून हलणार आहे. कर्नाटकात जमीन मिळतेय, कर माफ होतोय. आणि जागा कुठली, तर निपाणीजवळची. माझी भाकरी तव्यावर करपली. रंगुबाईनं कोपरानं ढोसलं, की बाई, पेपर ऱ्हाऊ दे, सुपरवायझर बघतुय.

खरं सांगते, कंपनी जाणार याचं दुःख मला नंतर झालं. ती तुझ्याकडं जाणार याचं आधी झालं. तुला अंगदराव आहेत, उसाचं रान आहे, करणसारखा पोरगा आहे. ह्यांच्या मागं माझ्याकडं मूल नाही, बाळ नाही, ते एक कंपनीचं फाटक राहिलंय. ह्यांचं सगळं आयुष्य तिथल्या रंगखात्यात गेलं. सकाळी त्या फाटकातून आत शिरताना मला जरा धीर येतो. आता तेही उचलून तुझ्या दारात नेणार. तुझ्या नावाआधी सौ. लिहितानाही मला टोचतं, पण ते मी गिळते. हे कसं गिळू?

खरं काय ते कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते.

माया आहे ती तशीच असू दे.

तुझी अक्का

—

माळवाडी, निपाणीजवळ
२४ जून २०२५

ती. अक्कास सुकन्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला. बातमी खरी आहे. साहेबलोक दोनदा माळ बघून गेले. आमच्या ह्यांनी लगेच रस्त्याकडेला खोल्या बांधायला काढल्या, कामगार भाड्यानं राहतील म्हणून. ह्यांना हल्ली जेवायचीही शुद्ध नसते, ताटावर बसून विटांबद्दल बोलतात.

पण मला खोल्यांचं काही नाही. करणचा आयटीआय झालाय. तुमच्या नगरकडच्या बेलापूरचं निकिताचं स्थळ तूच काढलंस, पोरांनी एकमेकांना पसंत केलं, तरी अडलंय. निकिताच्या आईनं तोंडावर सांगितलंय, की मुलगा कंपनीत चिकटला की सुपारी फोडू. तंबाखूच्या धुळीत माझी पोरगी देणार नाही. म्हणजे कंपनी आली तरच माझ्या घरात सून येणार, अक्का.

आणि तू माझा हेवा करतेस? दाजी निळा शर्ट घालून कामाला जायचे. रविवारी तुला मोटारसायकलवर बसवून नगरला न्यायचे. दिवाळीला कंपनीच्या मिठाईचा डबा तू माहेरी आणायचीस आणि सगळ्यांसमोर सावकाश उघडायचीस. त्या वेळी मी शिंका देत तंबाखूची पानं निवडत होते. तुझ्याकडं बघून माझ्या पोटात काय होत होतं ते तू कधी विचारलंस का? मी तेव्हा तुला पत्र नाही लिहिलं. आता एकदा माझी पाळी येऊ दे.

तूही इकडं ये. तुझी बाजरीची भाकरी खाऊन इथली माणसं ज्वारी विसरतील. मी तुझी शिफारस करीन, पण मला मालकीणबाई म्हणावं लागेल.

रागावलीस तरी लिहीत जा, एवढी विनंती.

तुझी सुकन्या

—

जांभूळवाडी
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुकन्या हिस आशीर्वाद. वि. वि.

कंपनी कुठंही जात नाही. तुला पेपरातून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून घाईनं लिहीत आहे.

महिनाभर फाटकासमोर मांडव घातला होता. बायकांच्या पुढं मी होते. येणाऱ्या-जाणाऱ्या पुढाऱ्यांना आणि साहेबांना आम्ही तिथंच पिठलं-भाकरी करून वाढली. एका साहेबांनी तर माझी भाकरी मोडताना सांगितलं, की मावशी, हिच्यासाठी तरी कंपनी ठेवलीच पाहिजे. शेवटी आपल्या सरकारनं कबूल केलं. कंपनीनं भरलेल्या करातला मोठा वाटा पुढची काही वर्षं तिला परत मिळायचा, वीजही स्वस्त. बदल्यात कंपनीनं इथून हलायचं नाही आणि हजेरीपटावरची माणसं कमी करायची नाहीत.

लग्नात नवरदेव रुसून जानोशाच्या घरी बसतो आणि आधी घड्याळ, मग अंगठी, मग गाडी कबूल होईस्तोवर मांडवात येत नाही, तसाच सगळा प्रकार. रंगुबाईनं सगळ्यांत विचारलं, की आपुन तेलाच्या पिशवीवर कर भरतो त्यो कोन माघारी देतंय, आपुनबी रुसून बघायचं का? बायका पोट धरून हसल्या. मला तिच्या बोलण्याकडं लक्ष द्यायला सवड नव्हती. मला एकच दिसत होतं, की या खेपेला तुला मिळालं नाही.

सोबत पेढे आहेत, कंपनीनं वाटले त्यातले. अंगदरावांना सांग, नव्या खोल्यांत तंबाखू ठेवावा. हवा चांगली खेळत असेल.

आठवण ठेवावी.

अक्का

—

माळवाडी
२ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास सा. न.

पेढे पोचले. निकिताच्या आईचा निरोप त्याच दुपारी आला. कंपनी नाही तर सोयरीक नाही, तुम्ही तुमचं बघा, आम्ही आमचं बघतो.

डबा करणनंच उघडला. मावशीकडं काय झालं म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, मावशीचं भलं झालं. त्यानं डबा तसाच मिटून ठेवला. तेव्हापासून तो खोलीचं दार लावून बसतो. ताट दाराशी ठेवते, अर्धं परत येतं. निकिता त्याला लपून फोन करते, पण आईपुढं तिचं काही चालत नाही.

तुझी कंपनी तुला लखलाभ. मला आता लिहायला काही उरलं नाही.

सुकन्या

—

जांभूळवाडी
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुकन्या हिस आशीर्वाद. वि. वि.

तू लिहायचं थांबवलंस, तरी मी लिहिते.

दिवाळीनंतर कामावर गेलो तर कॅन्टीनच्या दाराशी पुण्याहून आलेला ट्रक उभा. त्यातून चपात्यांचं मशीन उतरलं. एका तोंडात कणीक घालायची, दुसऱ्यातून चपात्या पडतात. सुपरवायझरनं आम्हाला ओळीत उभं केलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी हजेरीपटाची अट काढली. पेपर वाचते ना, वाटलं आपल्याला सगळं कळतं. तो चिडलाही नाही. शांतपणे त्यानं सांगितलं, की पटावरचा एकही माणूस कमी केलेला नाही, मावशी. तुम्ही पटावर नव्हताच, तुम्ही ठेकेदाराच्या बायका. महिनाभर मांडवात बसलो, ती अट पाठ म्हणून दाखवली, पण ती आपली नाही हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. निघताना रंगुबाई मशीनजवळ गेली आणि तिनं त्याला विचारलं, की बाई, तुला बाजरीची येती का, न्हाई तर शिकवून जाते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

ह्यांचं फाटक आहे तिथंच आहे. मी त्याच्या बाहेर आहे.

हे तुला कळवायचं नव्हतं. तुला बरं वाटेल अशी भीती होती. पण मावशीचं भलं झालं असं तू पोराला सांगितलंस. त्यानं ते खरं धरून बसू नये.

आणि माझा हेवा गेला असं समजू नकोस. करण दार लावून बसतो हे वाचलं तेव्हाही मनात पहिलं हेच आलं, की हिच्या घरात दार लावून बसायला कुणीतरी आहे. माझ्या घराचं दार उघडं काय आणि लावलेलं काय, आत मी एकटीच. तुझं ताट अर्धं परत येतं, मला दुसरं ताट वाढावंच लागत नाही. तू रागाव. मी अशीच आहे, आणि तुलाच हे सांगू शकते.

पोराला दोन घास जास्त घाल. तुझी माया तुटली नसेल तर दोन ओळी पाठव.

तुझी अक्का

ता. क. पत्र काल लिहून झालं, पण पोस्टात टाकलं नाही. आज सकाळी नगरची एस.टी. धरली, तिथून श्रीरामपूरला गेले आणि बेलापुरात निकिताच्या आईच्या ओट्यावर बसून तिला सांगितलं, की कंपनी बघून सोयरीक मोडू नका, कंपनी आमच्याकडंच राहिली, आणि माझं काम गेलं.