एकशेदहाचा बेल्ट आणि माझा दमटपणा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.
वजन ११४. काटा जुना आहे, खरं ११२ धरायला हरकत नाही.

नवी वही. हिच्यात फक्त मुद्द्याचं लिहायचं. रागराग करायचा नाही.

तर मुद्दा. लिफ्ट तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. केबिनच्या टपावर उभं राहायचं, वरचे दोर आणि कप्प्या बघायच्या. आता कंपनीला साक्षात्कार झालाय की सेफ्टी बेल्टवर '११० किलोपर्यंत' असं छापलेलं आहे. सतरा मार्चला मेडिकल. जो ११० च्या वर भरेल तो टपावर चढणार नाही, स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये बसणार.

हे माझ्यामुळे झालं असं ऑफिसात बोलतात. साफ खोटं. गेल्या महिन्यात केबिनच्या छतातल्या झडपेत मी अडकलो, हे खरं. चाळीस मिनिटं. पण झडपच लहान आहे, बनवणाऱ्याला विचारा. मला ओढून काढलं ते ज्युनिअरनं. म्हणजे दोन वर्षांपूर्वी लागलेली मुलगी. ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

चार किलो. सहा आठवडे. पोरखेळ आहे.

५ फेब्रुवारी
मेव्हणा येऊन गेला. तीन महिन्यांत नऊ किलो उतरवलेत. कशानं, तर सुया टोचून. चिनी वैद्यक, हजारो वर्षांचं शास्त्र. पँट कमरेशी मुठीत धरून घरभर हिंडत होता. हिनं आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. हिचं न बोलणं शेजारपाजारच्यांना ऐकू जातं.

शनिवारची वेळ घेतली. सुयांचा फायदा हा की खाण्याला हात लावावा लागत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी.
दवाखाना चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर. दोन पलंग, मध्ये पडदा. भिंतीवर अंगभर ठिपके असलेल्या माणसाचं चित्र. तो सडपातळ. मुद्दाम लावलाय.

सुईबाई चाळिशीच्या असतील. जीभ काढा म्हणाल्या आणि इतका वेळ बघत बसल्या की मला घराची पाहणी करायला आलेलं गिऱ्हाईक आठवलं. मग दोन्ही मनगटांवर तीन तीन बोटं. निदान असं, की माझ्या अंगात दमटपणा साठलाय. दमटपणा! मी काय न्हाणीघराची भिंत आहे?

शिवाय यकृतात उष्णता. राग फार येतो का, असं विचारलं. नाही म्हणालो. तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा पडद्यापलीकडचा पेशंट दचकून उठला.

सुया दुखल्या नाहीत. कानावर बारीक दाणे चिकटपट्टीनं लावले. भूक लागली की मिनिटभर दाबायचे. एक काढा दिलाय, दोन वेळा घ्यायचा. काही जणांची भूक सुयांनी आवरते, सगळ्यांची नाही, आणि कमी जेवणं, चालणं तुम्हालाच करावं लागेल, असंही म्हणाल्या. कायद्याच्या भीतीनं सगळेच डॉक्टर असं बोलतात. काय खातो ते रोज लिहून आणायला सांगितलं. मला लिहायची सवय नाही, असं सांगून टाकलं.

१२ फेब्रुवारी
११४.६.
दाणे आज एकतीस वेळा दाबले. दाबलं की भूक जास्तच लागते. चुकीचा कान धरलाय, उघड आहे. ही म्हणते, दाणे बिस्किटांऐवजी दाबायचे असतात, बिस्किटांबरोबर नाही. हिला शास्त्रातलं काय कळतं?

१५ फेब्रुवारी
कान बदलून घेतला. खाण्याची यादी तोंडी दिली: उकडलेल्या भाज्या, अंडं, बिनसाखरेचा चहा. अकाउंट्सवाल्याच्या वाढदिवसाचा केक सांगितला नाही, तो शिष्टाचारात मोडतो. काढ्यानंतर ब्रेड आणि चीज घेतो तेही नाही सांगितलं. ते औषधाचं अनुपान आहे. काढ्याला मोरीची चव आहे, तोंड कशानं तरी धुवायला हवंच.

१९ फेब्रुवारी
हिनं लहान ताटली पुढे केली. मोठी ताटं कुठायत, विचारलं. फुटली म्हणे. स्टीलची ताटं. सहाच्या सहा. आवाज चढवला. तिनं शांतपणे आणखी भोपळा वाढला.

२२ फेब्रुवारी
ज्युनिअरबरोबर एका ऑफिसच्या इमारतीत गेलो. केबिनमध्ये ती आणि तिथले तिघं. मी शेवटी पाय ठेवला आणि ओव्हरलोडचा भोंगा वाजला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की सेन्सर बिघडलाय. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. तपासणीच्या वहीत शेराही मारला.

ज्युनिअर बाहेर पडली, हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून जिन्यानं निघाली. सहा मजले. आम्ही वर पोचलो, मागोमाग तिनं येऊन सेन्सर तपासला. सेन्सर ठीक निघाला. कानामागून आली आणि तिखट झाली, ती हीच.

शेरा खोडला नाही. माघार घ्यायचा प्रश्नच नाही.

२६ फेब्रुवारी
मेव्हण्याचं भांडं फुटलं! रोज सकाळी तासभर चालतो. साखर बंद. रात्रीचं जेवण निम्मं. मग सुयांनी काय केलं, असं मी विचारलं. झोप छान लागायला लागली, म्हणे. ही सरळसरळ फसवणूक आहे. नऊ किलो उतरवायला जर खाणंच कमी करायचं, तर चीनपर्यंत जायचं कशाला?

१ मार्च, शनिवार
आज जे झालं ते वहीत राहिलं पाहिजे.

ही दवाखान्यात बरोबर आली आणि सगळं सांगून मोकळी झाली. केक, चीज, कपाटातली बिस्किटं, सगळं. मी पलंगावर अकरा सुया टोचून आडवा. पळूनही जाता येईना. घरचा भेदी म्हणतात तो असा.

सुईबाई चिडल्या असत्या तर मी बघून घेतलं असतं. चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "सुया मी टोचते, पण जेवायला तुमच्याऐवजी मी बसू शकत नाही. ते राहू द्या. त्या झडपेत चाळीस मिनिटं अडकला होतात, तेव्हा काय वाटलं?"

म्हणजे हिनं तेही सांगितलं होतं.

मी उठलो. सुया स्वतः उपटल्या आणि त्यांच्या ताटलीत आपटल्या. सुईबाई ओरडत होत्या, असं करू नका. शर्ट उलटा घातला आणि खाली उतरलो. रस्त्यावर लोक बाजूला होत होते. माझ्या चेहऱ्यावरचा निर्धार बघून होत असतील असं वाटलं. चपलावाल्यानं हाक मारून सांगितलं की तुमच्या कपाळात सुई आहे.

वर जाऊन काढून घ्यावी लागली. सुईबाई ताटलीतल्या सुया मोजतच बसल्या होत्या. दहा.

५ मार्च
दवाखाना बंद. यापुढे स्वतःच उपचार. ठिपकेवाल्या माणसाचं चित्र फोनवर मिळालं. पेनाच्या टोपणानं ठिपके दाबतो. काढा दुप्पट केला.

६ मार्च
दिवसभर संडासात. पण ११३.२! शास्त्र शेवटी माझ्याच हाताला आलं.

७ मार्च
११५. पाणी प्यायलो ना काल फार. त्याचं.

१३ मार्च
११६.४. आजपासून कडकडीत उपास, मेडिकलपर्यंत.
१०.४० ला सोडला. साहेबांनी मुद्दाम माझ्या टेबलाजवळ सँडविच खाल्लं. त्यांच्यावर लेखी तक्रार करणार आहे.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी.
उद्या मेडिकल. ही चहा घेऊन आली. चहात साखर होती. शेजारी बसली. म्हणाली, "वजनाचं जाऊ द्या. तुम्हाला तिथं परत चढायचंय का, एवढंच सांगा."

हा काय प्रश्न झाला? सव्वीस वर्षं चढतोय. मूर्ख प्रश्नांना मी उत्तर देत नाही. दिलं नाही.

तसं बघायला गेलं तर त्या दिवशी विशेष काही घडलं नव्हतं. कंबरेखालचा मी केबिनमध्ये, वरचा मी शाफ्टमध्ये. अंधार. वर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबत होतं. सारखं दाबत होतं. लोकांना पेशन्स म्हणून नाही. स्टॉपचा खटका दाबलेला होता, केबिन हलणार नाही हे मला माहीत होतं, हेच मी नव्या लोकांना शिकवतो. तरी ज्युनिअर टपावर माझ्या डोक्याशी बसून तो खटका चाळीस मिनिटं एका हातानं धरून होती. मीच तिला धर म्हणालो होतो. बहुतेक बरेचदा म्हणालो. एवढंच. नाहक तपशील आहेत.

ब्रेड संपवला. उरला तर खराब होतो.

१७ मार्च, सोमवार
११७.२. त्यांचा काटा नवा आहे.

मग बेल्ट घालून बघायचा होता, ते काम ज्युनिअरकडे. बकल दोन बोटं लांब राहिलं. ज्युनिअरनं ओढून पाहिलं नाही. फॉर्मवर 'योग्य मापाचा बेल्ट उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि सहीला पुढे केला. माझी बाजू राखायची तिला काय गरज होती? तळपायाची आग मस्तकात गेली. जाब विचारायला तोंड उघडलं, तर तीच बोलली. "सर, दोर कुरकुरला की कुठला ते तुम्हाला ऐकून कळतं. मला अजून कळत नाही. वर गेले की फोन करीन. उचलाल ना?"

उचलीन म्हणालो. चारचौघात नाही कसं म्हणणार?

२४ मार्च, सोमवार. दुपारी ४.
स्टोअरचा पहिला दिवस. तळमजला. लोखंडी रॅक, ब्रेकचे पॅड, बटणं, रोलर, सगळ्यांना चिठ्ठ्या लावलेल्या. खुर्ची ऐसपैस. दार रुंद, बाहेर उघडणारं. दोनदा उघडून बघितलं.

माझ्यावर अन्याय झालाय. सकाळी नऊपासून राग यायची वाट बघतोय. साहेबांना आठवून पाहिलं, मेव्हण्याला आठवून पाहिलं, सुईबाईंनाही. आला नाही. दुपारी डबा खाल्ला, पोळ्या दोनच होत्या, पुरल्या. जेवून खुर्चीतच डोळा लागला. जानेवारीनंतर पहिल्यांदा इतकी गाढ झोप लागली.

घरी गेल्यावर चिडायचं आहे. विसरायचं नाही.