खालच्या बाजूचे टाके

धारवाड, बुधवार

तीर्थरूप आईस,
तुझ्या मृदुलाचा लांबूनच वाकून नमस्कार.

माझं प्रशिक्षण नीट चाललंय. माझ्या स्वरदाचं हॉस्टेल इथून जवळ आहे, तिच्या मेसचं जेवणही बरं आहे. पत्र वहिनीच वाचून दाखवतील. वहिनी, आईच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालता ना?

आई, फोनवर धीर झाला नाही म्हणून लिहिते. स्वरदासाठी आपण दोघींनी गोधडी शिवली. त्यातल्या तुझ्या वाकड्या ओळी मी तू दुपारी झोपलेली असताना उसवल्या आणि सरळ शिवल्या. मोतीबिंदूमुळे तुला दिसत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर हॉस्टेलच्या मुली काय म्हणतील, याचीच मला लाज वाटत होती.

रविवारी स्वरदानं गोधडी धुतली, तर आतल्या जुन्या साड्यांचा गोळा झाला. उलटून पाहिलं. माझे सरळ टाके वरच्याच थरात होते. काठाची तुझी एक ओळ उसवायची राहिली होती. ती वाकडी होती, पण तिचा प्रत्येक टाका खालपर्यंत पोचला होता. तू डोळ्यांनी नाही, कापडाखालच्या बोटानं शिवतेस, हे मला या वयात कळलं.

स्वरदा म्हणाली, "आई, आजीलाच सांग शिवायला. तू नको गं हात लावूस."

दिवाळीला गोधडी घेऊन येते. सुईत दोरा मी ओवून देईन. टाके तू घाल.

तुझीच,
मृदुला