नागली संपल्यावर येणारा राजा

बाई,

तो राजाचा विनोद तुम्हाला कुठे सापडला होता, हे मला विचारायचं आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता विचारण्यात अर्थ नाही, पण माणूस गेलं म्हणून त्याच्यावरचा संशय जात नाही.

ठाण्याच्या एका मुलांच्या मासिकासाठी मी हल्ली विनोद लिहिते. हो, मीच, वर्गात कपाळाला आठ्या घालून बसणारी. या वेळी संपादकांना मध्ययुगावरचे विनोद हवे होते, पानभर. जव्हारला घरी बसून मी फोनवर शोधायला लागले. निम्मे विनोद परदेशातल्या सरदारांचे: चिलखतात खाज सुटली तर काय करायचं, आंघोळ वर्षातून कितीदा. उरलेले आपल्याकडचे, राजा आणि त्याच्या हजरजबाबी प्रधानाचे. त्यांत शेतकरी आला की तो बावळटच असतो, आणि शेवटी राजा खूश होऊन कोणाला तरी मोहरांची थैली देतो. मला हे विनोद पहिल्यापासून खटकतात. ज्यांना थैली मिळाली त्यांनीच ते जपून ठेवले असणार. ज्यांना नाही मिळाली ते काय हसतच नव्हते? असं मनाशी करवादत असताना मला तुमचा विनोद आठवला.

सातवीचा वर्ग, मोखाड्याची आश्रमशाळा. तुम्ही जव्हारहून एसटीने येता, पदर खोचून इतिहास शिकवता. सनावळ्यांना मुलं कंटाळली की पुस्तक मिटता आणि म्हणता, "आता पुस्तकात नसलेलं ऐका." मध्ययुगात एक राजा डोंगरातल्या गावात आला. एका म्हातारीला त्याने विचारलं, तुम्ही खाता काय? नागली, म्हातारी म्हणाली. नागली संपली की? मग कडू कंद. तेही संपले की? "मग महाराज, तुम्ही येता विचारायला." वर्ग खो खो हसला. मीही हसले. तुम्ही मात्र हसला नाहीत, हाताची खडूची पूड झटकत खिडकीबाहेर बघत राहिलात.

मी तो लिहून पाठवला तर संपादकांचा लगेच फोन. "राजा कुठला?" म्हटलं, कुठलाच नाही. "अहो, कुठलाच नाही म्हटलं की ज्याला त्याला तो आपलाच वाटतो. उद्या लोक दारात येतील. आणि शेवटी राजाकडून म्हातारीला धान्याचं पोतं देऊन टाका ना. मुलांचं मासिक आहे." म्हणजे आली थैली! मी बघते म्हणाले. पण फोन ठेवल्यावर मला संपादकांपेक्षा तुमचाच संशय यायला लागला. नागली, मग कंद, मग काही नाही. हे कुठल्या पुस्तकातून आलं असेल? कुठल्या बखरीतला राजा कडू कंदाची चौकशी करतो? हा तर आमच्या घरचा पावसाळा होता.

वावर-वांगणीची मुलं ज्या वर्षी कुपोषणाने गेली, त्याच वर्षी, तिथून जवळच्या आमच्या पाड्यावर माझा धाकटा भाऊ गेला. मी वसतिगृहात होते. मग चौकशीला सरकारी गाड्या यायला लागल्या. एका साहेबांना पाड्यावरची बोली कळेना, म्हणून त्यांनी तुम्हाला गाडीत घेतलं. वडिलांच्या किराणा दुकानात बसून तुम्ही गिऱ्हाइकांची बोली लहानपणीच उचलली होती. तुम्ही साहेबांबरोबर आमच्या दारात जाऊन आलात, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. राजाचा विनोद सांगितलात तो त्यानंतरच. या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या. आता पाहिल्या आणि अंगाचा तिळपापड झाला. पोर गेलेल्या माझ्या आईचं बोलणं उचलून तुम्ही मध्ययुगात नेऊन ठेवलंत आणि त्याच्यावर वर्ग हसवलात? आणि त्यात मलाही?

दुसऱ्या दिवशी मोखाड्याहून जीप धरून मी पाड्यावर गेले. आई अंगणात वरई पाखडत होती. मी सरळच विचारलं, साहेब आला तेव्हा तू काय बोलली होतीस? तिचा हात थांबला नाही. "काय बोलणार? नागली संपली मंग कंद खाल्लं. कंद बी संपलं. 'मंग काय?' सायबानी विचारला. मी सांगली, 'मंग काय नाय.'" एवढंच? "एवढाच. मंग तुझी बाय सायबाला काय तरी बोलली, भरभर, तुमच्या शाळेच्या बोलीत. सायब लाल झाला न गाडीत जाऊन बसला. मना तवाच समजला, तिनी माझी चुगली केली. बोलली आसल, आईनीच पोराला उपाशी ठेवला."

म्हणून तुम्ही मला दिलेला स्वेटर तिने परत करायला लावला होता. मला वाटलं होतं, आई आडमुठी आहे, तिला शहरातल्या लोकांचं काही घ्यायला आवडत नाही. ती मात्र इतकी वर्षं हेच धरून बसली होती, की एका शिकलेल्या बाईने तिच्या लेकराचं मरण तिच्याच माथी मारलं.

मी तिला विनोद सांगितला. राजा, म्हातारी, सगळं. शेवटच्या वाक्याला तिने सूप खाली ठेवलं. "आसा बोलली ती?" म्हटलं, साहेबांना असंच बोलल्या असणार, म्हणून तर ते लाल झाले. "माझ्या नावानी?" तुझ्याच नावाने. मला वाटलं चिडेल. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता रडली, आणि मग खरंच चिडली. "मंग मना तवाच सांगाया काय झालता तिला?"

तेच मलाही विचारायचं आहे. तुम्ही स्वतःच्या नावाने का नाही बोललात? नोकरीची भीती असेल, ते मला समजतं. म्हणून आधी आईच्या तोंडी घातलंत आणि नंतर मध्ययुगातल्या म्हातारीच्या. साहेबांना वाटलं आई बोलली, वर्गाला वाटलं म्हातारी बोलली, आणि आईला मात्र कोणी काहीच सांगितलं नाही. याचा मला तुमच्यावर फार राग आहे. आणि त्या दारात साहेबांना तसं सुनावणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तुमचा अभिमानही वाटतो. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काय करू? पोत्याचा शेवट मी लिहिला नाही. विनोद परत मागितला, आणि पानावर चिलखतातली खाजच छापून आली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, पण एक गोष्ट सांगून टाकते. आई आता पाड्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती हकिगत ऐकवते. तिच्या सांगण्यात राजा नसतो आणि म्हातारीही नसते. "मीच बोलली सायबाला," म्हणते, "तोंडावर बोलली." परवा शेजारणींना सांगत होती. सांगता सांगता थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणते का ते. मी हसले, बाई, आणि तुमचं नाव घेतलं नाही.