तळ्याचा अधिकृत प्रवक्ता

१२ जानेवारी

आजपासून रोजनिशी. हवामानबदलाविरुद्धच्या लढ्याचा इतिहास पुढे कोणीतरी लिहिणारच. त्याला साधनं हवीत.

ताईकडे मीटिंग. तिचं घर खालच्या गल्लीत, तळमजल्यावर, आणि मागे लगेच तळं. लोक त्याला डबकं म्हणतात. पण वरच्या सगळ्या रस्त्यांचं पावसाचं पाणी त्याच्यात उतरतं, म्हणून ताईचं घर कोरडं राहतं. आता पालिका ते बुजवून वर ‘हवामान उद्यान’ आणि पार्किंग करणार. नव्या हवामान धोरणाच्या मसुद्यात तसं स्पष्ट छापलंय. मला हसू आलं. बाकी कोणाला आलं नाही.

मसुद्यावर जनसुनावणी आहे. मला एकमताने प्रवक्ता नेमलं. म्हणजे ताई म्हणाली की हा बरा बोलतो, आणि बाकीचे चहा पीत होते.

संकल्प: एसी बंद. स्कूटर बंद. सगळीकडे पायी.

१३ जानेवारी

स्कूटरने गेलो. वार्ताहराला वेळेवर पोचावं लागतं, हा पेशाचा दोष. पोचलो तेव्हा पत्रकार परिषद संपली होती. बिस्किटं शिल्लक होती.

२० जानेवारी, सकाळ

भाषणाला हात घातला. आराखडा असा: पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, आणि मग तळं. सहा वर्षं संस्कृत शिकलो ते काय फक्त लग्नपत्रिका तपासून द्यायला?

बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अहो, सरळ सांगा ना, तळं बुजवलंत तर पाणी वन्संच्या घरात शिरेल. मी म्हणालो, विषयाला तत्त्वाची बैठक लागते. ती म्हणाली, बैठक घाला हवी तेवढी, आधी बाथरूममधला दिवा घालवून या.

२ फेब्रुवारी

सुनावणीचा नियम कळला. प्रत्येकाला तीन मिनिटं. मात्र आपली पाळी दुसऱ्याला देता येते. मी सुचवलं की सगळ्यांनी आपापली पाळी मला द्यावी. तुकड्यातुकड्यांनी बोलून परिणाम होत नाही.

निवृत्त नर्सबाई, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, त्यांनी नाक मुरडलं. ताईच्या उंबऱ्याला पाणी लागलं होतं त्या साली त्यांनी फोटो काढले होते. तेवढे दाखवून खाली बसेन म्हणाल्या. मी समजावलं की फोटो ही फार प्राथमिक गोष्ट आहे. शेवटी ताईच म्हणाली, द्या हो सिस्टर, लहानपणापासून याला घरात एकट्यालाच बोलायचं असतं.

ताई सहसा कौतुक करत नाही. बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

एसी लावला. चिंतनापुरता.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुनावणी झाली. अभूतपूर्व.

पृथ्वीला हॉल शांत. आपाला हॉल अधिक शांत. तेजापाशी सुनावणी घेणाऱ्या पालिकेच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. बायकोच्या मते त्यांचा डोळा लागला होता, पण ती मागे बसली होती, तिला काय दिसणार. आकाश अर्ध्यावर आलं आणि घंटा वाजली. मी एक मिनिट मागितलं. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, फार सुंदर, पण नियम म्हणजे नियम.

तळं तेवढं राहिलं. अर्थात जाणत्याला ते आपातच कळलं असणार.

सिस्टर फोटो घेऊन उठल्या होत्या. त्यांना सांगितलं, तुमची पाळी तुम्ही देऊन टाकली आहे. त्या पुन्हा बसल्या. मग एक फरशी ठेकेदार उद्यानाच्या बाजूने बोलला. तीन मिनिटंसुद्धा पुरी घेतली नाहीत. भाषा अगदीच बोजड.

बाहेर साहेबांनी स्वतःहून माझा नंबर घेतला.

येताना ताई झपझप पुढे निघून गेली. भारावली असावी.

१ मार्च

इतिवृत्त आलं. ‘हवामान उद्यानाच्या जागेबाबत एकही हरकत प्राप्त झाली नाही. एका नागरिकाने पंचमहाभूतांवर उद्बोधक विचार मांडले.’

उद्बोधक हा शब्द सरकारी कागदात सहसा येत नाही.

याच सुनावणीची बातमी मी आमच्या पेपरला सविस्तर पाठवली होती. संपादकांनी ती आज छापली, पण जागेअभावी एका ओळीवर आणली: उद्यानास हरकत नाही. खाली ‘आमच्या वार्ताहराकडून’. ताईने विचारलं की हा वार्ताहर कोण मेला. मी म्हणालो, बघतो.

१० मार्च

साहेबांचा फोन! धोरण पुस्तकरूपाने निघतंय, प्रस्तावना मी लिहावी. बाहेरून घोषणा देणं सोपं असतं, आत शिरून काम करणारे कमी. ताईला सांगितलं. ती म्हणाली, मग त्यात तळ्याचं लिही. शब्द दिला.

२८ मार्च

प्रस्तावना मंजूर. तळ्याचा परिच्छेद साहेबांनी काढला. प्रस्तावनेचा सूर पॉझिटिव्ह हवा, म्हणाले. मलाही पटलं. मुद्दा ओळींमधून जाणवतोच. बायकोने सगळं वाचलं आणि विचारलं, कुठल्या ओळींमधून?

मला निघावं लागलं. स्कूटरचं सर्व्हिसिंग होतं.

१८ एप्रिल

सकाळी तळ्यावर डंपर आले. ताई आणि सिस्टर वाट अडवून उभ्या राहिल्या. मीही निघणारच होतो, पण प्रस्तावनेची प्रुफं आली आणि प्रेसचा माणूस दारात थांबला होता. त्याला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

दुपारी पोचलो. तोवर त्यांना फार अदबीने बाजूला केलं होतं. सावलीत खुर्च्या, प्यायला पाणी. ठेकेदाराने पोलिसांना इतिवृत्त दाखवलं होतं. एकही हरकत नाही.

मी ताईला काय काय सांगायचं ते वाटेत ठरवलं होतं. तिने काही विचारलंच नाही. शेजारची खुर्ची रिकामी आहे, बस म्हणाली. बसलो. डंपर मागे येताना एक ट्यून वाजते. माती पडते. ट्यून वाजते. संध्याकाळपर्यंत पलीकडचा काठ दिसेनासा झाला होता. पाण्यातले बगळे थोडे सरकायचे, पुन्हा उभे राहायचे. मग सरकायला जागा उरली नाही.

काही वाटलं पाहिजे होतं. उन्हामुळे डोकं चालत नव्हतं.

१९ एप्रिल

काही नाही.

५ मे

पुस्तक आलं. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा. मुखपृष्ठावर तळ्याचाच फोटो आहे, जुना. माझी प्रस्तावना पान तीनवर. मला प्रतींचा एक गठ्ठा भेट मिळाला.

ताईला सही करून एक प्रत दिली. तिने हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, आणखी आहेत का? तीन नेऊन दिल्या. उरलेल्या ऑफिसात वाटल्या. एक कपाटात ठेवली. वाचक हळूहळूच तयार होतो.

२१ जून, दुपार

कालपासून पाऊस. वरच्या रस्त्यांचं पाणी खाली आलं, उद्यानाच्या फरशीवरून घसरलं आणि ताईच्या घरात गेलं. फोन तिने केला नाही, सिस्टरनी केला.

गेलो. घोट्याच्या वर पाणी. ताई पलंगावर पाय घेऊन बसली होती. सिस्टर बादलीने पाणी बाहेर टाकत होत्या. मी बादली मागितली. त्या म्हणाल्या, राहू द्या, तुमची पाळी नाही.

फ्रिज उचलून ठेवला होता. चारी पायांखाली धोरण. पुढच्या डाव्या पायाखाली सहीची प्रत. ताई म्हणाली, जाड आहे रे, बरं झालं. चिडून नाही, साधंच म्हणाली.

फ्रिज एका बाजूला कलत होता. मागची जमीन बसली आहे, आणखी एक लागेल, म्हणाली.

घरी आलो. बायकोने काही न विचारता कपाटातली प्रत काढून पिशवीत घातली, वर छत्री दिली. पायीच गेलो. स्कूटर पाण्यात बंद पडली आहे.

मागच्या पायाखाली सरकवली. फ्रिज आता हलत नाही.