ताईच्या टोमॅटोंचा रोजचा रिपोर्ट

४ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
आजपासून ताईच्या टोमॅटोंचा चार्ज माझ्याकडे. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले. ती वरच्या मजल्यावर, मी आणि बायको खाली, आणि मागच्या अंगणात तिच्या कुंड्या. मध्ये बावीस पायऱ्या. तिची खिडकी रस्त्याकडे उघडते, त्यामुळे अंगण तिला दिसत नाही. ऑपरेशनच्या आधी तिने सहा रोपं तयार करून ठेवली. हायब्रिड, हल्ली जो तो लावतो तीच जात. मी पाणीपुरवठा खात्यात एकवीस वर्षं मीटर तपासतोय. सहा रोपांना पाणी घालणं माझ्या हातचा मळ.
संकल्प: रोज सहाला उठणे. रोज संध्याकाळी वर जाऊन ताईला रिपोर्ट देणे.

५ फेब्रुवारी, सकाळी ७.५०
सव्वासातला जाग आली. ताईने बजावलं होतं की रोपं घरात वाढलीत, एकदम उन्हात काढू नकोस. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास. फार लाड. रोपं काय, माणसं काय, लाडाने बिघडतात. दिवसभरासाठी बाहेर ठेवून ऑफिसला निघालो.

संध्याकाळी ६
पाच गेली. पानं टिश्यू पेपरसारखी पांढरी. एक वाचलं, कारण ते बादलीच्या सावलीत होतं. बायको म्हणाली, ताईंना आजच सांगून मोकळे व्हा. तिला पेशंटची सायकॉलॉजी कळत नाही. ताजे टाके असलेल्या बाईला असा धक्का द्यायचा? ताईला म्हटलं, सहाही मजेत आहेत. टाके निघाले की सांगेन.

९ फेब्रुवारी
टाके निघाले. सांगायला वर गेलो. तोंड उघडणार तेवढ्यात ताईच म्हणाली, पहिला टोमॅटो लाल झाला की मी स्वतः जिना उतरून तोडणार, तोवर पायरीला पाय लावणार नाही. तिचा व्यायाम घ्यायला आलेला फिजिओ म्हणाला, वा, टार्गेट असं हवं. आता एवढं टार्गेट ठरल्यावर कुठल्या तोंडाने सांगू? जिभेवर आलेलं गिळलं.

१२ फेब्रुवारी
प्रश्न मिटला. लंच टाइममध्ये नर्सरीत जाऊन नवीन पाच रोपं आणली. नर्सरीवाला खताची पोती मोजत होता. म्हटलं, हायब्रिड द्या, सगळे लावतात ती. त्याने मान न वळवता ट्रे दाखवला. पानं आपल्या रोपापेक्षा जरा रुंद आहेत. हायब्रिड म्हटल्यावर व्हरायटी असणारच.
आता खोटं असं काही उरलं नाही. फक्त पाच रोपांचं वय खोटं.

२० फेब्रुवारी
बगलेतले फुटवे खुडावेत म्हणजे फळं मोठी होतात, असा व्हिडिओ पाहिला. तीन मिनिटांचा होता, दीड मिनिट पाहिला. जुन्या रोपावर प्रयोग केला. बायको म्हणाली, अहो, फुटवा नाही, शेंडाच खुडलात. तिला म्हटलं, यालाच प्रूनिंग म्हणतात.
ते आता पेन्सिलीसारखं उभं आहे.

२ मार्च
ताईने उंची विचारली. म्हटलं, कमरेइतकी. हात मात्र छातीपर्यंत गेला. ती इतकी खूश झाली की तिने पाय वाकवण्याचा व्यायाम दहा वेळा जास्त केला. मी खुर्चीत बसून तो मोजला. लहानपणी माझे मार्क लपवायला ही बाबांशी खोटं बोलायची. मी हिच्याशीच बोलतोय. फार अपराधी वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं गेलं नाही.
उद्या नक्की सांगणार.

३ मार्च
ऑडिट होतं.

८ मार्च
ताई म्हणाली, एव्हाना फळं धरली असतील. म्हटलं, सात. सात का म्हणालो माहीत नाही. सहा म्हटलं असतं तर बनावट वाटलं असतं.
प्रायश्चित्त म्हणून खत दुप्पट घातलं. पाकिटावर चमचा लिहिला होता, मी वाटी घेतली.

११ मार्च
जुनं रोप वाळलं. खताच्या क्वालिटीबद्दल कंपनीला पत्र लिहिणार. नवीन पाच मात्र दणकट. त्यांना वाटीचंसुद्धा काही वाटलं नाही.

१४ मार्च
फिजिओने जिन्यात गाठलं. म्हणाला, गुडघा छान बसलाय, आता पायऱ्या सुरू करायलाच हव्यात, पण ताई हट्टाला पेटल्यात, टोमॅटो लाल झाल्याशिवाय नाही म्हणतात. असंच चाललं तर गुडघा आखडेल. तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा. मी सांगतो म्हणालो.
मग वर गेलो. ताईने विचारलं, रंग धरला का? म्हटलं, अजून हिरवे. यंदा हवा ढगाळ आहे ना. तिच्या खिडकीतून लख्ख ऊन पलंगावर पडलं होतं.

२२ मार्च
अजून हिरवे.

२९ मार्च
तोडगा सुचला. बाजारातून दोन लालबुंद टोमॅटो आणले. एक ताईला दाखवायचा, म्हणायचं, गडबडीत माझ्याकडूनच तुटला, तू आता उतर. हात धुऊन येईपर्यंत बायकोने दोन्ही कापले होते. एका अर्थी बरंच झालं. माणसाने खोटं किती बोलावं यालाही मर्यादा असते.
अजून हिरवे.

१० एप्रिल, संध्याकाळी ५.३०
फूल आलं! एक नाही, तीन. सव्वादोन महिन्यांत पहिल्यांदा ताईला सांगायला काहीतरी खरंखुरं मिळालं. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. म्हटलं, नवा बहर आलाय. ताईने विचारलं, कसा आहे? सगळं खरं असल्यामुळे तपशिलात सांगितलं. छान जांभळी फुलं, मध्ये पिवळा ठिपका, देठावर बारीक काटे.
ताईने चष्मा काढला. जांभळी? म्हटलं, गडद जांभळी. ती बराच वेळ चष्मा पुसत राहिली. आनंदाने असेल. मग तिने काठी पलंगाजवळ ठेवायला सांगितली.
खरं बोलल्यावर माणसाला किती हलकं वाटतं.

११ एप्रिल
दाढी करत होतो. जिन्यात काठी वाजली. अर्ध्या फेसाने बाहेर धावलो, तोवर ताई अंगणात पोचली होती. कठड्याला धरून, एक पाय ओढत, एकटी उतरली. कुंड्यांपुढे उभी राहिली. तिने एक पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "ही वांगी आहेत."
मग मी सगळं एका दमात सांगितलं. ऊन, शेंडा, वाटी, सात फळं. शेवटी म्हणालो, हे सगळं तुझ्या गुडघ्यासाठीच, तुझी उमेद जाऊ नये म्हणून.
ताई म्हणाली, "रोपं मेली म्हणाला असतास तर महिन्यापूर्वीच उतरले असते. तुझा कान पिळायला."
मी गालावरचा फेस पुसला.
तिला वर चढता येईना. मी, बायको आणि शेजारी, तिघांनी खुर्चीत बसवून नेलं. प्रत्येक पायरीला ती डोळे मिटून ओठ दाबत होती. मी खुर्चीच्या मागे होतो, तरी मला ते दिसत होतं. बावीस वेळा दिसलं.

संध्याकाळी ७
फिजिओ येऊन गेला. जाताना माझ्याशी अंगणात बोलला.
नेहमीच्या वेळेला वर गेलो. ताईने विचारलं, तो काय म्हणाला? 'छान' तोंडात तयारच होतं. म्हटलं, गुडघा आखडलाय, आता सहा आठवडे जास्त लागतील, आणि तरीही पूर्वीइतका वाकेलच असं नाही.
तिने चादर गुडघ्यावर ओढून घेतली. मला वाटलं, रडेल. रडली नाही. मलाच नाक पुसावं लागलं.
जायला उठलो तेव्हा म्हणाली, "उद्या येशील तेव्हा काही सांगू नकोस. नुसता हात दे."